‘मंग डॉक्टरकडे कसाले?’

“पोऱ्या चांगला से, दूध पी ऱ्हायना, मंग डॉक्टरकडे कसाले?”

पोर चांगलं आहे, दूध पितंय, मग डॉक्टरकडे कशाला? शिरपूर तालुक्यातल्या एका गावात, दारातल्या बाजेवर बसलेल्या आजीने मला अहिराणीत हे विचारलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. बाळ पहाटे चारला घरीच झालं होतं. कळा दिवसांआधीच सुरू झाल्या आणि गाडी येईपर्यंत सून मोकळी झाली. दाईने नव्या ब्लेडने नाळ कापली होती, दोरा उकळून घेतला होता. बाळ लगेच रडलं होतं, छातीला लागलं होतं. मी तिथली आरोग्यसेविका. झोळीत घालून वजन केलं, 2700 ग्रॅम भरलं. पोलिओचे थेंब पाजले, नाळ पाहिली, आजीचं म्हणणं मला पटलं. रजिस्टरमध्ये ‘बाळ-बाळंतीण ठीक’ असं लिहून मी पुढच्या गावाला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आशाताईचा फोन आला. बाळ सुस्त पडलंय, दूध ओढत नाही, अंग हळद लावल्यासारखं झालंय. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला. बाळाच्या अंगातलं रक्त बदलावं लागलं. पोर वाचलं. आज तो शाळेत जातो, पण त्याला ऐकू येत नाही.

त्या सकाळी आईचं कार्ड माझ्या हातात होतं. रक्तगट लिहिलेला होता, निगेटिव्ह. तिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, जन्मलं होतं. आर-एच निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं, तर 72 तासांच्या आत तिला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. कोपीवर ते कोण देणार? मग आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध जे तयार होतं, ते पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतं आणि कावीळ पहिल्या दिवसापासूनच चढायला लागते. हे सगळं मला शिकवलेलं होतं. पण त्या अंधाऱ्या खोलीत, चुलीच्या धुरात, सावळ्या अंगावरचा पिवळेपणा मला दिसला नाही. मी बाळाला उजेडात नेलं नाही, कपाळावर बोट दाबून पाहिलं नाही.

निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली. आजीचा तो प्रश्न मात्र मी अजून ऐकते. सातपुड्याच्या पाड्यांवर ऐकते, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबायला आलेल्या मजुरांच्या झोपड्यांत ऐकते, आणि कधीकधी शिकलेल्या घरांतही. प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून त्याला उत्तरही तसंच द्यायला हवं. माझं मत असं आहे: घरी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिल्या 24 तासांत शिकलेल्या हाताने पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. ती करायची की नाही, हे घरातल्यांनी बाळाकडे बघून ठरवायची वेळच येऊ नये. ठरवायचं असेल तर एवढंच, की तपासणी घरी होणार की दवाखान्यात, आणि कोण करणार.

‘चांगलं दिसतंय’ ही कसोटी का चालत नाही, ते आधी सांगते. नवजात बाळाचे आजार गाजावाजा करत येत नाहीत. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर ताप चढतो, तो कण्हतो. बाळाला झाला तर ते नुसतं गप्प होतं. कधी अंग तापण्याऐवजी गार पडतं. वजन कमी असलेल्या बाळाच्या रक्तातली साखर उतरली की ते झोपून राहतं, आणि घरातल्या बायका कौतुकाने म्हणतात, “पोर गरीब से, रडस बी नही.” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्या आठवड्यात जे बाळ दूध मागायलाही उठत नाही, ते गरीब नसतं, त्याच्या अंगात रडायचं बळ उरलेलं नसतं.

काही दोष तर पहिल्या दिवशी दिसतच नाहीत. पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडी असते, ती जन्मानंतर काही दिवसांत मिटते. हृदयात मोठा दोष असलेल्या काही बाळांचं तोवर त्या वाहिनीवर भागतं. ती मिटली की हसतंखेळतं घर रडायला लागतं. टाळूला आत भोक असलं तर ओठ धड दिसतो, पण दूध नाकातून येतं. तोंडात बोट घालून चाचपल्याशिवाय कळत नाही. शी करायची जागाच बंद असलेलं बाळ मी पाहिलंय. दुपट्यात गुंडाळलेलं असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पोट फुगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भारतात पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. आमच्याकडे पाचवी पुजतात, सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते म्हणतात. त्या पाचव्या-सहाव्या रात्रीची धास्ती उगाच आलेली नसावी. पिढ्यान् पिढ्या बायांनी याच दिवसांत पोरं जाताना पाहिली आहेत.

आता आजीची बाजू. ती मला सगळीच चुकीची वाटत नाही. एक दिवसाचं पोर आणि कालची बाळंतीण मोटरसायकलवर बसवून घाट उतरायचा, तालुक्याच्या दवाखान्यात खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत दोन तास ताटकळायचं, आणि मग डॉक्टरने दुपटं न उघडता “ठीक आहे” म्हणून कागदावर सही करायची, यात बाळाचं काय भलं होतं? उलट ते गारठतं, आईचा रक्तस्राव वाढतो. डाब-तोरणमाळकडे कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड आली की धडगावची वाटच तुटते. नर्मदेच्या काठच्या गावांना तर बोटीशिवाय बाहेर पडता येत नाही. आजही झोळीत माणूस घालून बांबू खांद्यावर घेऊन लोक डोंगर उतरतात. त्याला ‘बांबूलन्स’ म्हणतात, आणि तो शब्द आता वर्तमानपत्रांत सरसकट छापून येतो. अशा ठिकाणी राहणाऱ्याला “बाळाला लगेच डॉक्टरकडे का आणलं नाही?” असं दरडावून विचारणारा माणूस बहुधा स्वतः तिथे चालत गेलेला नसतो.

म्हणून मी ‘डॉक्टर’ आणि ‘तपासणी’ हे दोन शब्द वेगळे ठेवते. तपासणी करायला दर वेळी डॉक्टरच लागतो असं नाही. लागतो तो शिकलेला हात, चांगला उजेड आणि अर्धा तास. बाळाला उबदार जागी पूर्ण उघडायचं. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, पुढून आणि पाठीमागून पाहायचं, पाठीचा कणा, नाळ, लघवी-शीच्या जागा. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट केले तर फसगत होते. 60 किंवा जास्त भरले तर थांबून पुन्हा मोजायचे. पोटाला आणि तळपायाला हात लावायचा. पोट गरम पण पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलंय. काखेत थर्मामीटर. वजन. आणि बाळ एकदा पूर्ण दूध पिताना समोर बसून पाहायचं, कारण ‘दूध पितं’ आणि ‘छातीला लावलं’ यांत फार फरक आहे. या सगळ्यात आईलाही विसरायचं नाही. अंगावरून किती जातंय, ताप आहे का, वार पूर्ण पडली का.

हे काम गावात राहणारी बाई करू शकते, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं. तिथला नवजात मृत्युदर शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच वाटेने जाऊन केंद्र सरकारने 2011 साली आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर आणला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून. घरी जन्मलेल्याला सात, कारण एक पहिल्या 24 तासांत. म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदावर कधीचंच लिहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही घरच्या बाळंतपणानंतर पहिली भेट शक्य तितक्या लवकर, 24 तासांच्या आत व्हावी असंच सांगते.

मग ती भेट चुकते कुठे? इथे मला माझ्याच खात्यातल्या लोकांशी वाद घालायचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. चांगली गोष्ट आहे. त्यासाठी मी स्वतः उन्हातान्हात दारोदार फिरले आहे. पण आकडा वर चढला तशी उरलेली बाळंतपणं डाग वाटायला लागली. घरी प्रसूती झाली की आढावा बैठकीत उभं करतात, खुलासा मागतात. याचा परिणाम काय होतो ते मी जवळून पाहिलंय. आशा घाबरते. नर्स घाबरते. बाळंतपण ‘रस्त्यात’ झालं असं लिहिलं जातं, किंवा दोन दिवस कळवलंच जात नाही. आणि घरचे लोक तर दवाखान्याच्या पायरीवरच अडतात, कारण “घरी का केलंत? आता कशाला आलात?” हे बोल त्यांना ठाऊक असतात. ज्या बाळाला सगळ्यात आधी पाहायला हवं, तेच बाळ आपण लपवायला लावतो.

काही वरिष्ठ मला सांगायचे, घरी झालेल्या बाळांच्या एवढ्या सरबराईला लागलात तर लोक दवाखान्यात येतील कशाला? हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. कुठलीही बाई, ‘नर्सबाई दुसऱ्या दिवशी घरी येते’ म्हणून घरी बाळंत होत नाही. ती घरी बाळंत होते कारण कळा रात्री आल्या, गाडी आली नाही, नवरा गुजरातमध्ये कामाला होता, थोरल्या दोन पोरांना बघायला कुणी नव्हतं, मागच्या वेळी दवाखान्यात कुणीतरी तिच्या अंगावर हात उगारला होता. आणि धरून चालू की तिने हट्टाने केलं, तरी हट्ट आईचा, बाळाने काय केलं? माझा अनुभव उलटा आहे. ज्या घरी मी न रागावता गेले, बाळ उघडून पाहिलं, आईच्या पाठीवर हात ठेवला, त्या घरची पुढची बाळंतीण उपकेंद्रात आपणहून आली.

दाईंबद्दलही बोलायला हवं. हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ स्वच्छ ठेवायची, ही पंच स्वच्छता आम्हीच एकेकाळी त्यांना शिकवली, आणि नंतर त्यांना गुन्हेगारासारखं बाजूला केलं. पाड्यावर बाळ जन्मलं हे सगळ्यात आधी कळतं ते दाईला. तिने त्याच रात्री फोन केला तर मानाने बोलायचं, तिचंही नाव नोंदवायचं, आणि तिला पाचच गोष्टी पक्क्या सांगायच्या: नाळेला शेण, राख, तेल काही लावू नको, पहिला पूर्ण दिवस अंघोळ घालू नको, चिकाचं दूध टाकू देऊ नको, मध-घुटी चाटवू नको, आणि बाळ उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून गोधडी टाक. ज्या भागात वीज जाते-येते तिथे आईची छाती हीच बाळाला ऊब देणारी पेटी. आणखी एक, जुने कपडे पेटीतून काढून बाळाला घालताना त्यांत डांबराच्या गोळ्या होत्या का बघा. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक द्रव्य कमी असतं, त्यांना त्या गोळ्यांच्या वासानेही कावीळ होऊ शकते.

तपासणी घरी होऊ शकते असं मी म्हणते, पण त्यामागे लपून कुणी बाळाला घरीच ठेवू नये. काही बाळांना पहिल्या तासांतच डॉक्टरकडे न्यायचं, रस्ता कसाही असो. जन्मल्यावर रडायला वेळ लागला, तोंडाने श्वास द्यावा लागला. दिवस भरण्याआधी झालं, किंवा वजन 2000 ग्रॅमच्या खाली आहे. श्वास भरभर चालतोय, छाती आत ओढली जातेय, कण्हतंय. झटके आले. दूध ओढतच नाही. अंग गार आहे किंवा तापलंय. पहिल्याच दिवशी पिवळं दिसतंय, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे झालेत. नाळेतून रक्त थांबत नाही. आईचं पाणी 18 तासांपेक्षा जास्त आधी गेलेलं होतं, तिला ताप होता, पाणी हिरवट-काळं होतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे. एवढ्यांत आजीने, नवऱ्याने, भगताने, नर्सबाईने कुणीच “उद्या बघू” म्हणायचं नाही. 108 किंवा 102 ला फोन करायचा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार आणि गाडी सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि बाळ घरी जन्मलं म्हणून तो हक्क जात नाही. नेताना बाळ आईच्या छातीशी बांधूनच न्यायचं, वाटेत पाजत जायचं.

बाकीच्या बाळांनाही तिसऱ्या दिवसाच्या आत एकदा डॉक्टरने पाहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर असते, हृदयाचे दोष बोलायला लागतात, दूध नीट उतरलंय का ते वजनावरून कळतं. “कोवळ्या उन्हात ठेवा” हा सल्ला कावीळ चढलेल्या बाळाला पुरत नाही. आणि काही गोष्टी तपासणाऱ्याच्या पिशवीतच असाव्या लागतात. हिपॅटायटिस-बीचा पहिला डोस 24 तासांत द्यायचा असतो. के-जीवनसत्त्वाचं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत द्यायचं असतं. ते न मिळालेल्या बाळाला पहिल्या आठवड्यात नाळेतून, शीतून रक्त जाऊ शकतं, किंवा दोन-तीन महिन्यांचं, धष्टपुष्ट, अंगावर पिणारं बाळ अचानक मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतं. दवाखान्यात जन्मलेल्याला हे दोन्ही आपोआप मिळतं. घरी जन्मलेलं बाळ बाहेरून कितीही चांगलं दिसो, या दोन सुयांपुरतं ते मागेच असतं. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-वडील दोघांत तो गुण असेल तर बाळाचं रक्त तपासायला द्यायची आठवण याच भेटीत करायची.

जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत आता काही शिकलेली जोडपी आवडीने घरी बाळंतपण करायचं म्हणतात. त्यांनाही माझं हेच सांगणं. घरी करायचं ठरवलंत तर बाळाला 24 तासांत कोण पाहणार आणि तिसऱ्या दिवशी कोण, हे आठव्या महिन्यातच पक्कं करा. तुमच्याकडे गाडी आहे, बालरोगतज्ज्ञ कोसभर अंतरावर आहे. सातपुड्यातल्या मोलगीच्या बाईकडे ते नाही.

खरी काळजी वाटते ती कोपीवरच्या बायांची. नंदुरबार, शहादा, साक्री, चाळीसगावकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला, गुजरातेत शेतावर जातात. तिथे जन्मलेलं बाळ कुठल्याच आशाच्या यादीत नसतं. गावची आशा म्हणते ती गावात नाही, तिथली म्हणते ती आमची नाही. मार्चमध्ये कुटुंब परततं तेव्हा बाळ तीन महिन्यांचं असतं, नाहीतर नसतं. माझ्या त्या शिरपूरच्या आईची गोष्ट तिथेच सुरू झाली होती. साखर कारखाना टोळीतल्या कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांची, संख्या बरोबर मोजतो. टोळीत गरोदर बाया किती, कुणाचे दिवस कधी भरतात, कुणाचा रक्तगट काय, हे मुकादमाच्या वहीत आणि जवळच्या आरोग्य केंद्रात हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात नोंदवणं अवघड नाही. जिल्हा परिषदेने ते कारखान्याकडून मागून घ्यावं.

आणि आढावा बैठकीचा तक्ता बदलावा. ‘घरी झालेल्या प्रसूती किती’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: ‘त्यांपैकी किती बाळांची पहिली तपासणी 24 तासांत झाली’. जाब विचारायचा असेल तर दुसऱ्या रकान्याचा विचारा. पहिल्यासाठी रागावणं थांबवा. आशाताईला बेचाळीस दिवसांच्या सगळ्या भेटी मिळून 250 रुपये ठरवले होते; डोंगरातल्या पाड्यावर रात्री चालत जाणाऱ्या बाईला एवढ्यात चप्पलही येत नाही. पहिल्या 24 तासांतल्या त्या एका भेटीचे तिला वेगळे पैसे द्या, सोबतीला माणूस द्या, हातात चांगली विजेरी द्या.

त्या आजीला मी नंतर अनेकदा भेटले. तिने मला कधी बोल लावला नाही. धाकट्या सुनेच्या वेळी मात्र बाळ जन्मल्यावर तासाभरात तिचाच फोन आला. मी पोचले तेव्हा तिने बाज अंगणात काढून ठेवली होती, बाळ छातीशी देऊन सुनेला उन्हाच्या कडेला बसवलं होतं आणि कार्डाचं रक्तगटाचं पान वर करून ठेवलं होतं. “आते दख,” ती म्हणाली, “पुरं उघाडीसन दख.”